रामाचे नावच नसलेले रामायण: उत्तर कसब्यातील एका पोथीविषयी

प्रश्न (उत्तर कसबा, सोलापूर)

नमस्कार. आमच्या जुन्या वाड्याचे माळवद उतरवताना देवघराच्या फडताळात लाल बासनात बांधलेली एक हस्तलिखित पोथी मिळाली. सुटी अकरा पाने आहेत आणि दोन्ही बाजूंना बोरूने लिहिलेले ठळक बाळबोध अक्षर आहे. घराण्यात पूर्वी कीर्तनाची परंपरा होती, आणि ही पोथी शाहीर राम जोशी यांच्या हातची आहे असे आजी सांगत असे. विषय रामायणाचा आहे हे उघड आहे, कारण सीता, दशानन, लंका ही नावे वारंवार येतात. परंतु चार वेळा वाचूनही मला तीत ‘राम’ हा शब्द एकदाही आढळला नाही. लक्ष्मण, भरत, मारुती हेही कोठे नाहीत. शेवटी ‘शके १७४६ तारणनाम संवत्सरे माघ शुद्ध’ एवढे वाचता येते, पुढचा भाग कसरीने खाल्ला आहे. काही ओळींवर पिवळे डाग आहेत. हे काव्य कोणाचे असावे? पाने लॅमिनेट करून घ्यावीत, असे एका परिचितांनी सुचवले आहे; ते योग्य होईल का?

प्रतिसाद (निवृत्त संस्कृत शिक्षिका, पंढरपूर)

लॅमिनेट मुळीच करू नका. उष्णतेने चिकटलेले प्लास्टिक कागदाला इजा न होता पुन्हा निघत नाही. चिकटपट्टीही लावू नका. धुतलेल्या सुती कापडात पाने सपाट ठेवा, एवढे तूर्त पुरेसे आहे.

आता काव्याविषयी. आपण न सापडलेल्या नावांची जी यादी दिली आहे, तीतच उत्तर दडलेले आहे. राम, लक्ष्मण, मारुती यांत ‘म’ आहे, भरतात ‘भ’ आहे. बिभीषण, कुंभकर्ण, पंपासरोवर हेही याच कारणाने बाद होतात. सीता, जानकी, दशरथ, दशानन, लंका हे शब्द मात्र ओठाला ओठ न लावता उच्चारता येतात. प, फ, ब, भ, म ही ओष्ठ्य अक्षरे टाळून केलेल्या अशा रचनेला निरोष्ठ म्हणतात. दंडी या संस्कृत गद्यकाराच्या ‘दशकुमारचरिता’तील सातवा उच्छ्वास (प्रकरण) असाच आहे, तेथे कथा सांगणाऱ्या मंत्रगुप्ताचे ओठ प्रियेच्या दंतव्रणांनी दुखावलेले असल्यामुळे तो ओष्ठ्य वर्ण उच्चारीत नाही. मराठीत मोरोपंतांनी (१७२९–१७९४) १०८ रामायणे रचली असे परंपरा सांगते, आणि त्यांत निरोष्ठ रामायण, परंतु रामायण, मंत्ररामायण अशी अक्षरांचे बंधन स्वतःहून पत्करलेली रामायणे आहेत. ज्या नावासाठी सारा खटाटोप, तेच नाव उच्चारायचे नाही आणि तरी कथा त्याचीच सांगायची, ही केवढी कठीण साधना! आज मोरोपंतांच्या ‘केकावली’ या काव्याचे नाव तरी कानावर असते, ही रामायणे मात्र कपाटातच राहिली, याचे मला मनापासून वाईट वाटते.

तरीही आपली पोथी पंतांचीच, असे आजच म्हणणार नाही. निरोष्ठ रचना ही जुनी रीत आहे. छापील ग्रंथाशी ओळ न् ओळ ताडून पाहा.

प्रतिसाद (बार्शी)

एक पुरवणी. संस्कृत व्याकरणात ‘उ’ आणि ‘ऊ’ हेही ओष्ठ्य वर्ण आहेत, आणि ‘व’ दंतोष्ठ्य आहे. त्यामुळे पोथीत ‘रघुनाथ’ किंवा ‘रावण’ आढळला, तर बंधन केवळ प-वर्गापुरते होते असे समजावे.

कालाविषयी: शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण माघापर्यंत इंग्रजी वर्ष पालटलेले असल्याने येथे ७९ मिळवावे लागतील. म्हणजे ही प्रत १८२५ सालच्या आरंभीची आहे. शके १७४६ चे संवत्सर तारणच असल्याने नोंद विश्वसनीय वाटते. मात्र राम जोशी त्यापूर्वीच निवर्तले होते, तेव्हा लेखन त्यांच्या हातचे नाही. आजींचे म्हणणे निराधार होते असे मात्र मला वाटत नाही. सोलापूरचा हा शाहीर उत्तरायुष्यात कीर्तनाकडे वळला, आणि मोरोपंतांच्या आर्या त्याने कीर्तनांतून लोकांच्या ओठी आणल्या. येथल्या कीर्तनकाराच्या घरी पंतांचे काव्य उतरवून घेतले गेले असेल, तर त्यामागे हाच धागा असणे स्वाभाविक आहे.

पिवळे डाग बहुधा हरताळाचे, म्हणजे एका पिवळ्या खनिज रंगाचे आहेत. लेखनात चूक झाली की लेखनिक त्यावर हरताळ फासत, आणि त्यावरूनच आपला वाक्प्रचार आला. त्यात सोमल (आर्सेनिक) हे विष असते; पान उलटताना बोटाला थुंकी लावू नका आणि नंतर हात धुवा.

प्रश्नकर्ता

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री दोन ओठांमध्ये बोट धरून पहिली चार पाने मोठ्याने वाचली. ओठ एकदाही मिटले नाहीत. ‘रघुनाथ’ मात्र दोनदा आला, म्हणजे बंधन प-वर्गाचेच दिसते. छापील ग्रंथ मिळवण्याच्या खटपटीत आहे.

सातव्या पानावरचा हरताळ आज सकाळी खिडकीच्या तिरप्या उजेडात धरून पाहिला. पिवळ्या थराखाली दोन अक्षरे स्पष्ट दिसतात: ‘राम’. लेखनिकाच्या हातून सवयीने ते नाव उतरले असावे. शेजारी समासात त्याने बारीक अक्षरांत ‘नाथ’ लिहिले आहे.