‘एम्बामिंग’ला मराठीत काय म्हणायचं? (आणि ‘मातीला जाणं’)

माझा आतेभाऊ आखातात नोकरीला होता, गेल्या वर्षी तिकडेच वारला. विमानाने पेटी आली आणि तिच्यासोबत कागदांचा गठ्ठा. त्यात एम्बामिंगचा, म्हणजे शव कुजू नये म्हणून करतात त्या प्रक्रियेचा, दाखला होता. आत्याला कागद वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. कुठेतरी वाचलेला ‘शवलेपन’ हा शब्द आठवला, तोच सांगितला. आत्याने विचारलं, “लेप लावलाय? चंदनाचा का?” मी हो म्हणालो. पुढे ती त्याला आंघोळ घालायला निघाली तेव्हा पेटीबरोबर आलेल्या माणसाने थांबवलं. चंदन लावलेल्या अंगाला आईने हात का लावायचा नाही, हे तिला कळेना. माझ्या एका शब्दाने ती फसली, आणि ते मला अजून सलतं.

तर योग्य शब्द कोणता? आणि दुसरं: आत्या आता म्हणते, “माझ्या वेळी असलं काही नको, झाडंही तोडू नका.” परदेशात निघालेल्या नव्या पद्धतींबद्दल तिला सांगावं म्हटलं तर एकीलाही मराठी नाव सापडत नाही.

प्रतिसाद

दादा, मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवते, त्यामुळे हे रोजचं आहे. ‘लेपन’ हा शब्द चुकीचाच. लेप बाहेरून लावतात. एम्बामिंगमध्ये मांडीतली किंवा मानेतली धमनी उघडून तिच्यातून द्रावण आत सोडतात, ते रक्तवाहिन्यांतून सगळ्या शरीरात पोचतं. द्रावणातला मुख्य घटक फॉर्मालिन, म्हणजे पाण्यात विरघळवलेलं सुमारे ३७ ते ४० टक्के फॉर्माल्डिहाइड. ते प्रथिनांना एकमेकांशी घट्ट बांधून टाकतं, मग जिवाणूंना ती खाता येत नाहीत आणि कुजणं थांबतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्माल्डिहाइड माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. तुमच्या आत्यांना थांबवलं ते बहुधा याच काळजीने. पण कारण सांगायला हवं होतं.

गंमत नाही, पण इंग्रजी शब्दातही हाच दोष आहे. ‘बाम’ म्हणजे मुळात सुगंधी राळ. क्रिया बदलली, नाव जुनंच राहिलं. आजची शिरेतून भरायची पद्धत अमेरिकेत रुजली ती १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात. सैनिक दूर मरत, घरचे प्रेत मागत, आणि रेल्वेचा प्रवास लांबचा. तेव्हा द्रावणात आर्सेनिकही असायचं. १८६५ मध्ये लिंकनचं शव असंच टिकवून रेल्वेने गावोगाव नेलं आणि लोकांना ही पद्धत ठाऊक झाली. म्हणजे तेव्हाही कारण तेच होतं, तुमच्या भावासारखंच, घरापासून लांब आलेलं मरण.

आपल्याकडे जुना शब्द आहे तो ‘तैलद्रोणी’. भरत आजोळाहून येईपर्यंत दशरथाचं शव तेलाच्या द्रोणीत ठेवल्याचं वाल्मीकी रामायणात आहे. पण ते भांड्याचं नाव, क्रियेचं नव्हे. शाळेत इजिप्तच्या धड्यात आपण ‘मसाला भरलेली प्रेतं’ वाचायचो, ते ममीपुरतं ठीक. ‘पेंढा भरणं’ तर वाघ-हरणांच्या कातड्याचं, ते इथे कुणी वापरू नये. आमच्या डिसेक्शन हॉलचे मामा सरळ म्हणतात, “बॉडीत फॉर्मालिन सोडलंय.” मला हेच सगळ्यात प्रामाणिक वाटतं. नामच हवं असेल तर ‘शवरक्षण’ चालेल. घरच्या माणसाला सांगताना मात्र नाम नकोच, वाक्य सांगावं.

प्रतिसाद (कोल्हापूर)

झाडांचं म्हणाल तर आमच्याकडे पंचगंगेच्या स्मशानात शेणी वापरतात. होळी आली की शेणीदानाची हाक देतात आणि लोक होळी लहान करून शेणी स्मशानाला देतात. पुण्याकडे यालाच गोवऱ्या म्हणतात. ‘गोवऱ्या मसणात गेल्या’ ही म्हण उगीच नाही पडली! नागपूरकडे शेतातल्या काडीकचऱ्याच्या दाबून केलेल्या कांड्या चितेला वापरतात, त्यांना ‘मोक्षकाष्ठ’ नाव दिलंय. फार चांगला शब्द आहे, कुठल्या परदेशी शब्दाचं भाषांतर वाटत नाही.

अशा पद्धतींना ‘पर्यावरणपूरक अंत्यसंस्कार’ म्हणतात, ते मात्र मला पटत नाही. पूरक म्हणजे भर घालणारं. चिता लाकडाची असो की शेणीची, धूर होणारच. नुकसान कमी होतं तिथे ‘कमी हानीचं’ म्हणावं. पूरक हा शब्द जो खरंच काही परत देतो त्याच्यासाठी राखून ठेवावा.

प्रतिसाद

वरच्या मुद्द्याला अनुमोदन. परत देणारी एक पद्धत अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने २०१९ मध्ये कायदेशीर केली. शव लाकडाच्या ढलप्या, पेंढा आणि लसूणघास यांच्यात बंद पात्रात ठेवतात, हवा खेळती ठेवतात, काही आठवड्यांत माती होते. यात फॉर्मालिनला जागाच नाही, कारण काम जिवाणूंनीच करायचं असतं. तिकडच्या नावाचं भाषांतर कुणी ‘मानवी खत’ करतं. ते वाचून अंगावर काटा येतो, आणि येणारच.

पण शब्द आपल्याकडे आधीपासून आहे की! आमच्या सातारा भागात “मातीला गेलो होतो” म्हणतात, मग प्रत्यक्षात चिता रचलेली का असेना. मूठमाती देतात, तिसऱ्या दिवशी माती सावडतात. लिंगायतांत आणि गोसाव्यांत पुरतातच. विदर्भात अग्निडाग आणि भूमिडाग असे दोन्ही शब्द ऐकलेत. त्यामुळे या नव्या पद्धतीला ‘माती करणं’ म्हटलं तर आमच्या गावच्या म्हाताऱ्यांनाही समजावून सांगावं लागणार नाही. तक्रार एकच, ‘आयुष्याची माती झाली’ हा अर्थही कानात वाजतो. तरी मी ‘माती’च निवडेन.

दुसरी नवी पद्धत पाण्याची, तिला नाव देणं अवघड आहे. पाणी, पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणि उष्णता यांत शरीर विरघळतं, हाडं उरतात, ती दळून देतात. डिसेंबर २०२१ मध्ये वारलेले दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टूटू यांनी हीच पद्धत निवडली होती. ‘जलदहन’ म्हणावं तर पाण्यात दहन कसलं? ‘जलसमाधी’ संतांची, नाहीतर बुडालेल्या होडीची. ‘क्षारविलय’ सुचतो, पण तो प्रयोगशाळेतला वाटतो. हाडं उरतात म्हणून ‘अस्थी सावडणं’ तेवढं तसंच लागू पडतं.

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे आभार, विशेषतः मॅडमचे. काल आत्याकडे जाऊन आलो. तिला सांगितलं, लेप नव्हता, चंदन नव्हतं. मी तेव्हा चुकीचं बोललो. विमानात कुजू नये म्हणून त्याच्या शिरेतून औषध सोडलं होतं, ते कडक असतं, म्हणून हात लावू दिला नाही. ती बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, “दुखलं नसेल ना रे त्याला?” नाही म्हणालो.

तिच्यासाठी शेणीचं ठरवलंय. दाखल्याच्या मराठी प्रतीत मी आता ‘शव टिकवण्यासाठी फॉर्मालिन सोडल्याचा दाखला’ असं लिहिलंय. ‘क्षारविलय’पेक्षा सोपा शब्द कुणाला सुचला तर सांगा.