शब्दचर्चा : 'नकली' बिल्ला की 'ऐवजदार' बिल्ला?

मागच्या आठवड्यात नागपूरच्या इतवारीत एका जुन्या वस्तूंच्या दुकानात दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश टोपीचा बिल्ला मिळाला. तपकिरी, हातात घेतला तर वजनच जाणवेना. दुकानदार म्हणाला, "हा कायले घेता भाऊ? डुप्लिकेट हाय, पिलास्टिकचा." मी तो घेतला, कारण तो अस्सल आहे.

युद्धात पितळ काडतुसांच्या पुंगळ्यांना लागत होतं, म्हणून ब्रिटननं सैनिकांचे बिल्ले सेल्युलोज ॲसिटेट या प्लास्टिकचे काढले. पितळेच्या जागी तपकिरी, पांढऱ्या धातूच्या जागी राखाडी. मागे टोपीत खुपसून मुडपायच्या धातूच्या दोन पट्ट्या. हे बिल्ले सरकारनंच दिले, सैनिकांनी तेच डोक्यावर मिरवले. मग ते नकली कसे? नकली म्हणजे आज पितळेत ओतून, चहाच्या पाण्यात काळवंडवून जुना म्हणून विकतात तो. युद्धातल्या या प्लास्टिकच्या बिल्ल्याला इंग्रजीत 'इकॉनॉमी बॅज' म्हणतात. माझ्या संग्रहाच्या चिठ्ठ्या मराठीत आहेत आणि या एका जागी पेन अडतं. शब्द सुचवा.

धंतोलीकर : 'काटकसरीचा बिल्ला' सरळ होईल की.

मूळ लेखक : काटकसर आपण होऊन करतो. इथे वस्तूच मिळत नव्हती. शिवाय काटकसरीत हलकं घेतलं असा वास येतो. अमेरिकेत उलटं झालं. तिथे तांबं-पितळ अडवल्यावर वैमानिकांचे पंखांच्या आकाराचे बिल्ले आणि सैनिकांच्या घरच्यांनी छातीवर लावायच्या पिना चांदीच्या निघाल्या, मागे 'स्टर्लिंग' असा छाप. पितळेऐवजी चांदी! याला काटकसर कसं म्हणणार?

कामठीकर : आमच्याकडे पलटणीतली माणसं 'बॅच' म्हणतात, 'बॅज' नाही. १९४२मध्ये महार रेजिमेंटची दुसरी पलटण कामठीतच उभी राहिली. तेव्हा नव्या पलटणी भराभर निघत होत्या आणि प्रत्येक टोपीला बॅच हवा होता. पण 'बिल्ला'ही आपलाच. स्टेशनवरच्या हमालाच्या दंडावर असतो तो बिल्ला. पोलिसाचा 'बक्कल नंबर' अजून चालतो. आणि 'चपरास' म्हणजे पट्ट्यावरची पितळी पाटी, ती लावणारा तो चपराशी. तेव्हा नाव बिल्लाच ठेवा, अडचण विशेषणाची आहे. 'पर्यायी बिल्ला' कसं वाटतं?

मूळ लेखक : 'पर्यायी' म्हटलं की दोन्ही उपलब्ध आहेत, हवा तो घ्या असं वाटतं.

महालकर : आपल्या महानगरपालिकेत 'ऐवजदार' सफाई कामगार असतात ना, तोच शब्द घ्या. ऐवजदार माणूस खोटा नसतो. झाडू तोच, रस्ता तोच, कायम माणसाच्या जागी हा उभा, एवढंच. मूळ अरबी 'इवज', म्हणजे मोबदला, बदल. त्यातूनच 'च्या ऐवजी' आलं, आणि चोरीच्या बातमीतला 'दोन लाखांचा ऐवज'ही तिथलाच. जर्मन 'एर्झात्स'चा अर्थही 'बदली' एवढाच होता. युद्धातल्या बेचव बदली कॉफीमुळे तो शब्द बदनाम झाला.

धंतोलीकर : 'ऐवजी बिल्ला' नको मात्र. 'कशाऐवजी?' असं कोणीही विचारेल.

मूळ लेखक : पटलं. 'ऐवजदार'मध्ये पद कायम, माणूस बदली, आणि बिल्ल्याचंही तसंच आहे. माझ्याकडचा जर्मन बिल्लाही यात बसतो. आधी असे बिल्ले तांब्याच्या मिश्रधातूचे असत, पुढे जस्ताचे झाले. वरचा मुलामा उडाला की जस्त राखाडी पडतं आणि लोक त्याला खोटा ठरवून टाकून देतात. असे किती भंगारात गेले असतील, या विचारानं जीव हळहळतो.

सदरकर : मग नाणीही घ्या यात. १९४०मध्ये आपल्या रुपयातली चांदी निम्म्यावर आली. १९४३चा भोकाचा पैसा तर तांबं वाचवायलाच पाडला.

मूळ लेखक : रुपया घेईन, भोकाचा पैसा नाही. रुपयात चांदीची जागा दुसऱ्या धातूंनी घेतली, तो ऐवजदार. भोकाच्या पैशात दुसरं काही आलं नाही, आहे तेच कमी केलं. त्याला महालकरांचा शब्द लावला तर शब्द सैल होईल. त्याच्यासाठी मात्र 'काटकसरीचा' अगदी चपखल बसतो, धंतोलीकर.

चिठ्ठी लिहिली : 'टोपीचा बिल्ला, ब्रिटिश, ऐवजदार (प्लास्टिक), तपकिरी.' तो लोखंडी कपाटातून काढून हवेशीर कागदी पाकिटात ठेवला आहे, कारण हे प्लास्टिक सडू लागलं की त्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. अजून तरी येत नाही. आता मागच्या त्या मुडपायच्या पट्ट्यांना नेमका शब्द हवा आहे. कामठीत टोप्या शिवणारं कोणी ओळखीचं असेल तर विचारून सांगा.