यॉर्कटाउनचं खापर एकट्या कॉर्नवॉलिसवर फोडणं बरोबर आहे का?

धागाकर्ता:
अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस म्हटलं की १९ ऑक्टोबर १७८१ ला सात हजारांवर फौजेसकट व्हर्जिनियातल्या यॉर्कटाउनला अमेरिकन-फ्रेंच फौजेला शरण गेला, एवढंच लोक धरून बसतात. मला हे अजिबात पटत नाही. त्याचा वरिष्ठ क्लिंटन न्यूयॉर्कात बसून आधी म्हणतो तीन हजार माणसं इकडे पाठव, मग म्हणतो नको, राहू दे, आणि वर खोल पाण्याचं बंदर धरून बस असा हुकूम. ५ सप्टेंबरला फ्रेंच आरमाराने यॉर्कटाउनजवळच्या चेसापीक उपसागराच्या तोंडाशी इंग्रज जहाजांना माघारी लावलं तिथेच सगळं संपलं. समुद्रच बंद झाल्यावर कोण काय करणार?

आडवाटेवरचा:
अहो पण तो तिथे पोचलाच कसा? काम दिलेलं कॅरोलायना सांभाळायचं. काउपेन्सच्या लढाईत त्याच्या हाताखालच्या टार्लटनने मार खाल्ला म्हणून हा अमेरिकन सेनापती ग्रीनच्या मागे लागला आणि पळायला हलकं व्हावं म्हणून रॅमसोर्स मिलला ऐन जानेवारीत तंबू, गाड्या, रमची पिंपं सगळं जाळलं. मार्चमध्ये गिलफर्डला ग्रीनविरुद्धची लढाई जिंकला खरा, पण १९०० पैकी पाचशेवर माणसं मेली नाहीतर जखमी झाली! त्यानंतर क्लिंटनला न विचारता थेट व्हर्जिनियात. आणि शरणागतीच्या दिवशी आजारी आहे म्हणून कळवलं आणि तलवार द्यायला कोणाला पाठवलं, तर गिलफर्डला दोनदा जखमी झालेल्या, त्याच्या हाताखालच्या ओ'हाराला. हे मी तरी माफ करणार नाही.

धागाकर्ता:
तलवारीचं मान्य, त्या दिवशी त्याने स्वतः जायला हवं होतं. पण रॅमसोर्स मिलला त्याने आधी स्वतःचं सामान आगीत टाकलं, मग शिपायांचं, हेही सांगा ना. आणि ग्रीनची रसद व्हर्जिनियातून येत होती, म्हणून तिकडे गेला.

रानफूल:
रसदेवरच यायचं तर १७९१ बघा, तेव्हा हाच कॉर्नवॉलिस हिंदुस्थानात गव्हर्नर जनरल होता. टिपूवर चालून श्रीरंगपट्टणच्या दाराशी गेला, अरकेरेची लढाई जिंकला, आणि खायला काही नाही म्हणून वेढ्याच्या तोफा स्वतःच फोडून मागे फिरला. वाटेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन येऊन मिळाले, मराठ्यांच्या छावणीतल्या बाजारात धान्य मिळालं म्हणून ती फौज जगली. दहा वर्षांनी परत तेच.

धागाकर्ता:
आणि पुढच्याच वर्षी? बंजाऱ्यांच्या बैलांवर धान्य लादून, पूर्ण तयारीनिशी गेला, टिपूकडून निम्मा मुलूख, ३ कोटी ३० लाख रुपये आणि दोन मुलं ओलीस घेऊन आला. शिकला की माणूस.

आडवाटेवरचा:
शिकला असेल, पण गिलफर्डच्या त्या पाचशे जणांना त्याचा काय उपयोग?