१९३२च्या फोर्डच्या छपरावर पांढरी झाक आली आहे. रंग उतरवू की वाचेल?

नीता_ऐरोली

नमस्कार मंडळी. रविवारी सकाळी १९३२च्या फोर्ड कूपेच्या प्लास्टिक मॉडेलवर (दोन दारांची गाडी, पाच खिडक्यांची, १:२५) ग्लॉस काळ्याचा तिसरा हात मारला आणि दहा मिनिटांत छप्पर पांढुरकं झालं. जांभळावर असते ना तशी झाक, पण बोटाने पुसली जात नाही. दारं आणि डिकी व्यवस्थित आहेत. छप्पर आणि काचेपुढचा काउल, एवढंच बिघडलंय.

स्प्रेचा डबा लॅकरचा, खाली त्याच जातीचं करडं अस्तर. बाल्कनीत मारला. पाऊस थांबला होता म्हणून घाई केली, पण आमची इमारत खाडीच्या बाजूला आहे आणि नंतर बघितलं तर आर्द्रतेचा काटा ८४ वर. चूक माझीच.

सरळ रंग उतरवून टाकला असता, पण छप्पर कापलेलं आहे. तीन इंचांचा चॉप, म्हणजे छप्पर पेलणारे खांब तेवढे कापून ते खाली आणलंय. १:२५ला एक इंच म्हणजे जवळजवळ एक मिलिमीटर, त्यामुळे हिशेब सोपा होता. काम मात्र सोपं नव्हतं. या गाडीचं छप्पर वर निमुळतं होत जातं. मधले तीन मिलिमीटर काढून वरचा भाग खाली बसवला की खांबावर खांब येत नाही. मागचे जुळवले तर पुढचे अर्धा मिलिमीटर मागे राहिले. शेवटी छप्पर आडवं कापून त्यात अर्ध्या मिलिमीटरची स्टायरिनची (प्लास्टिकची) पट्टी घातली, तेव्हा चारही खांब बसले. सांधे पातळ सिमेंटचे (प्लास्टिक चिकटवायचा द्रव), फटींत फेव्हिक्विक आणि खायचा सोडा, वरून लॅकर पुट्टीचा पातळ हात. ऑफिस आणि स्वयंपाक सांभाळून तीन आठवडे लागले. रंग उतरवताना पुट्टी मऊ पडली तर सगळं पुन्हा करावं लागेल.

काळाच का, असं कोणी विचारेल म्हणून सांगते. माझे बाबा ठाण्याला, कोपरीतल्या एका गॅरेजमध्ये पेंटर होते. फियाट, अॅम्बॅसॅडर, जे येईल ते. काळी गाडी झाली की ते तिला शेडमधल्या ट्यूबलाइटखाली ढकलत आणि दाराच्या पत्र्यात त्या ट्यूबचं प्रतिबिंब बघत. ट्यूब सरळ दिसली तर गाडी द्यायची. कुठे जराशी लचकली तर तिथे पुन्हा घासायचा पेपर. मी शाळेतून डबा घेऊन जायचे तेव्हा मलाही बघायला लावायचे, "सांग, कुठे वाकली?" मला माझ्या छपरात ती ट्यूब सरळ बघायची आहे.

तर प्रश्न एवढाच: रंग न उतरवता ही झाक जाईल का?

सुमेध_खारघर

ताई, जाईल. बहुतेक वेळा जाते. आधी हे झालं कशाने ते सांगतो, म्हणजे पुन्हा होणार नाही. लॅकरमधला थिनर भराभर उडतो आणि उडताना पृष्ठभाग गार करतो. दमट हवेत त्या गार पृष्ठभागावर बाष्प धरतं आणि ओल्या रंगात अडकतं. आतला ओलावा प्रकाश विखुरतो म्हणून काळा पांढरा दिसतो. छप्पर आणि काउल आडवे असल्याने तिथे तुमचा हात जड पडला असणार, म्हणून तिथेच झालं.

उपाय म्हणजे रंगाचा वरचा थर पुन्हा हलकेच ओला करून सावकाश वाळू द्यायचा, म्हणजे अडकलेला ओलावा निघून जातो. मी मॉडेलसाठी मिळणारा रिटार्डरवाला (रंग सावकाश वाळवणारा) लेव्हलिंग थिनर एअरब्रशने धुक्यासारखा मारतो. एका जागी थांबायचं नाही, दोन फेऱ्या, मध्ये पाच मिनिटं. आधी आइस्क्रीमच्या प्लास्टिक चमच्यावर तेच अस्तर आणि तोच काळा मारून करून बघा.

आणि खोली कोरडी करा. बेडरूममध्ये एसी ड्राय मोडवर तासभर. बॉडी आणि डबा दोन्ही तिथेच ठेवा. डबा कोमट पाण्यात पाच मिनिटं बुडवा, कोमटच, गॅसवर अजिबात नको. फवारणी मात्र खिडकीपाशी, पंखा बाहेर फेकेल अशी, कोळशाच्या फिल्टरचा मास्क लावून. लगेच बॉडी परत कोरड्या खोलीत.

पत्रा_आणि_पेंट (वागळे इस्टेट)

नीताताई, चाळीस वर्षं डेंटिंग-पेंटिंग केलं. तुमच्या बाबांचा ट्यूबलाइटचा हिशेब आमच्याकडेही होता. सुमेध बरोबर सांगतोय. पावसाळ्यात आम्ही थिनरमध्ये रिटार्डर घालायचो आणि ढगाळ दिवशी काळी गाडी हातात घेत नव्हतो. मालक कितीही मागे लागू देत.

एक गोष्ट मात्र सांभाळा. हार्डवेअरच्या दुकानातलं एन.सी. थिनर स्वस्त मिळतं म्हणून आणू नका. पत्रा सोसतो, प्लास्टिक सोसत नाही. माझ्या नातवाच्या विमानावर मी स्वतः मारलं होतं. पंख संत्र्याच्या सालीसारखा झाला, त्याला समजावता समजावता मला जड गेलं.

दुसरं, पुट्टी किती दिवस वाळवली? आमची लांबी (पत्र्यावर भरायचा लेप) असो की तुमची पुट्टी, थिनर उडून जातो तशी ती आत बसत जाते. आज पेपर मारून सपाट केली तरी आठ-पंधरा दिवसांनी सांध्याची रेघ वर येते. झाक गेली तरी घासून चमक आणायची घाई करू नका.

घोडबंदरचा_अनिकेत

माझं मत वेगळं आहे. ताई, तो काळा ग्लॉस हवाच कशाला? तुमची गाडी हॉट रॉड, म्हणजे कापून-बदलून वेगवान केलेली जुनी गाडी, आणि ती मूळची गरिबाची रेसगाडी. दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं म्युरॉक, एल मिराजच्या कोरड्या तळ्यांवर जुन्या फोर्ड पळवत होती, १९३७ साली तर त्यांच्या क्लबांनी मिळून एससीटीए (सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन) ही संघटना काढली. १९३२ची फोर्ड लाडकी का, तर सामान्य माणसाच्या खिशाला परवडेल असं व्ही-८ (आठ सिलिंडरचं) इंजिन पहिल्यांदा तिच्यात आलं. २२१ घनइंच, ६५ हॉर्सपॉवर. आज ऐकायला कमी वाटतं, पण मडगार्ड काढून, वजन उतरवून, दोन-तीन कार्ब्युरेटर चढवून त्यांनी त्यातून काय काय काढलं! छप्पर कापलं ते वारा कमी अडावा म्हणून. मागचे टायर मोठे घेतले ते वेग वाढवायला. पैसा इंजिनात जायचा आणि बॉडी अस्तरावरच वर्षानुवर्षं फिरायची. तुम्ही करडं अस्तर ठेवलंत, लाल रिमा लावल्यात, तर ती गाडी जास्त खरी दिसेल.

आपल्याकडे रस्त्यावरच्या गाडीचं छप्पर कापता येत नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं. म्हणून मला हे मॉडेल इतकं जवळचं वाटतं. इथे जे करायचं ते खरं करावं.

नीता_ऐरोली

अनिकेत, छान लिहिलंस, मागच्या टायरचं कारण मला माहीत नव्हतं. आता पुढचे छोटे, मागचे मोठे लावणार हे नक्की. रंगाचं मात्र पटत नाही. अस्तरावर फिरणारी पोरं होती तशी पैसे साठवून वीस-वीस हात लॅकर मारणारीही होती, आणि दोघांनाही आपली गाडी खरीच वाटत होती. शिवाय चॉप केलेलं छप्पर करड्या रंगात दिसतच नाही रे. खिडकी किती अरुंद झाली, छप्पर मागे कसं उतरलं, हे चकाकीवर कळतं. तीन मिलिमीटरसाठी तीन आठवडे दिलेत, ते झाकून ठेवायचे नाहीत.

काका, पुट्टी फक्त चार दिवस वाळवली होती. तुम्ही लिहिलंत आणि पोटात गोळा आला.

पत्रा_आणि_पेंट (वागळे इस्टेट)

घाबरू नका. पापडाचा पत्र्याचा डबा घ्या, तळाशी सिलिका जेलच्या पुड्या टाका, बॉडी त्यात ठेवून आठवडाभर विसरून जा. बल्ब लावलात तर दूर लावा. हात ठेवून कोमट लागलं पाहिजे, त्याहून गरम नको, नाहीतर खांब वाकतील.

नीता_ऐरोली

बारा दिवसांनी लिहितेय.

चमच्यावर आधी केलं. पहिल्या चमच्यावर थिनर जास्त पडला, काळा ओघळला. दुसऱ्यावर बरोबर जमलं. मग खोली एसीने कोरडी केली, काटा ५२वर आला तेव्हा बॉडी घेतली. पहिल्या फेरीला काही झालं नाही. दुसऱ्या फेरीनंतर झाक कडेकडेने विरायला लागली, आधी मागच्या खिडकीच्या वर, मग पुढे. काउलवर एक ठिपका राहिला होता, तो सकाळपर्यंत गेला.

मग काकांचा डबा. पापडाचा नव्हता, चकलीचा होता. आठव्या दिवशी उघडला तर डाव्या बाजूच्या पुढच्या खांबावर केसाएवढी रेघ आलेली, अगदी सांध्यावर. बाकी तीन खांब आणि आडवी पट्टी स्वच्छ. सोडा-फेव्हिक्विक जिथे जास्त आणि पुट्टी कमी होती तिथे काहीच बसलं नाही, हे पुढच्या वेळी लक्षात ठेवेन. त्या एका जागी १०००चा पाण्याचा पेपर मारला, अस्तर, मग काळ्याचे दोन पातळ हात. काल १५०० आणि २००० ओल्याने घासून कंपाउंड लावलं.

रात्री स्वयंपाकघरातल्या ट्यूबखाली धरली. उजवीकडून बघितलं, ट्यूब छपरावरून सरळ जाते, पट्टी घातलेली जागा मला स्वतःलाही सापडत नाही. डावीकडे खांबाच्या मुळाशी अजून किंचित वाकते. आई मागे उभी होती. तिने चष्मा लावला, बोटाने तीच जागा दाखवली आणि म्हणाली, "इथे."

आज ऑफिसहून आले की तिथे पुन्हा पेपर.