माजी विद्यार्थ्याचं शिफारसपत्र मेडिकल प्रवेशाला कामी येतं का?

प्रश्न: अमेरिकेत एमडीसाठी (तिथली डॉक्टरकीची मूळ पदवी) अर्ज करतोय. त्याच कॉलेजातून शिकलेले एक डॉक्टर ओळखीचे आहेत. त्यांचं पत्र जोडू का?

उत्तर १: त्यांच्या हाताखाली काम केलंय? नसेल तर नको. 'मुलगा हुशार, घर चांगलं' अशा चार ओळी वाचून समितीला काहीच कळत नाही. शॅडोइंग (डॉक्टरसोबत राहून त्यांचं काम बघणं) केलं असेल, तर रुग्णाशी तुम्ही कसं बोललात ते लिहायला सांगा.

उत्तर २: आधी विज्ञानाच्या दोन प्राध्यापकांची पत्रं मिळवा, बरीच कॉलेजं तीच मागतात. एएमकॅसमध्ये (तिथल्या मेडिकल कॉलेजांची सामाईक अर्जव्यवस्था) पत्रांच्या १० नोंदी चालतात. कॉलेजची मर्यादा वेगळी बघा.

उत्तर ३: पत्र वाचण्याचा हक्क सोडा, नाहीतर ते मोकळेपणाने लिहिलंय का अशी शंका येते. आणि पत्र लिहिणाऱ्याला लेटर आयडी (त्या पत्राचा एएमकॅसमधला क्रमांक) नीट द्या. चुकला की पत्र अडकलंच.