मार्कशीट मी शेवटी बघतो

"ओळख नसेल तर फ्रेशरला कोणी दारातही उभं करत नाही," हे वाचून राहवलं नाही. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे, दरवर्षी आयटीआय झालेली दोन-तीन पोरं घेतो. मुलाखतीत फार विचारत नाही. एक बुश (धातूचा पोकळ गोल भाग) आणि व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) हातात देतो, म्हणतो माप घे. बहुतेक जण लगेच आकडा सांगतात. ज्याने आधी व्हर्निअरचे जबडे पुसले, मिटवून शून्य जुळतं का पाहिलं, तो माझा माणूस. ०.०२ मिमीपर्यंत वाचायचं असतं भाऊ, तिथे घाई चालत नाही.

मागच्या वर्षी उमरेडकडचा एक पोट्टा आला. म्हणे, "सर, हे एकदाच हाताळलंय, जरा दाखवा ना." दाखवलं, दुसऱ्यांदा त्याने बरोबर माप घेतलं. त्यालाच ठेवलं. येत नाही हे तोंडावर सांगणारा पोरगा जॉब, म्हणजे मशीनवरचा भाग, बिघडवण्याआधी विचारतो, मला तेच हवं असतं.

नागपूरच्याच मिहान प्रकल्पातल्या आयटी कंपन्यांचं निराळं, तिथे इंग्रजी लागतं. आमच्याकडे नाही. अनुभव नसेल तर अप्रेंटिसशिप करा. १९६१ च्या कायद्याखाली स्टायपेंड मिळतो, हातही बसतो. आणि येताना प्रॅक्टिकलचं जर्नल आणा, मी ते पान न् पान बघतो.