रोगजन्य प्रथिने: उसाची की बुरशीची?

खोडवा: उसाच्या तांबेऱ्यावरचा (पानांवर येणारा बुरशीचा रोग) लेख मराठीत आणतोय. 'पीआर प्रोटीन'ला (पॅथोजेनेसिस-रिलेटेड, म्हणजे रोग होण्याशी संबंधित) काय लिहू? जुन्या टिपणात 'रोगजन्य प्रथिने' होतं. शिरोळच्या मामांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "मग ही बुरशी सोडत असंल." आहेत तर उसाचीच!

पंचगंगाकाठ: मामांचं काही चुकलं नाही. व्याकरणाने 'रोगजन्य' म्हणजे रोगामुळे झालेलं आणि 'रोगजनक' म्हणजे रोग करणारं. पण घाईत वाचताना दोन्ही एकच वाटतात. इंग्रजी नावच मुळात प्रसंगावरून पडलंय. १९७० साली मोझॅक विषाणू लागलेल्या तंबाखूच्या पानांत नवी प्रथिने दिसली, त्यांचं काम तेव्हा ठाऊक नव्हतं. पुढे कळलं की त्यातलं कायटिनेज बुरशीच्या पेशीभित्तिकेतलं कायटिन तोडतं, ग्लुकॅनेज तिथलंच ग्लुकॅन तोडतं. शिवाय कायटिनचे तुटलेले तुकडे झाडाला ओळखू येतात, त्यावरून बचाव आणखी जोर धरतो. मी सरळ 'बचाव प्रथिने' लिहीन. 'प्रतिपिंडे' मात्र नको, ती झाडांत नसतातच.

खोडवा: आणि 'तांबेऱ्याचे जनुक'?

पंचगंगाकाठ: तिथे तर खरी गोची आहे. फ्लोर या शास्त्रज्ञांनी १९४०च्या दशकात जवसाच्या तांबेऱ्यावर दाखवलं, की झाडातल्या प्रतिकार जनुकाला जोडीचं एक जनुक बुरशीतही असतं. म्हणजे 'तांबेऱ्याचे जनुक' दोघांपैकी कुणाचंही! उसातल्या 'ब्रू-१'ला 'तांबेरारोधी जनुक' म्हण, नाहीतर अर्थ उलटा होईल.

बेणेमळा: दुकानात त्याहून गोंधळ. सोयाबीनच्या 'फुले संगम'ला आमच्याकडं "तांबेरा येतच नाही" म्हणून खपवतात. कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राचं वाण चांगलंच आहे, पण शिफारस 'मध्यम प्रतिकारक' अशी. तांबेरा येणार, वाढ कमी होणार. 'सहनशील' आणखी वेगळं: रोग येऊनही उत्पन्न फारसं घटत नाही. आणि 'प्रतिबंधक' हा शब्द फवारणीच्या औषधाला ठेवा, वाणाला नको.

खोडवा: झकास. उसाच्या शेंड्यातून काळा चाबूक निघतो त्या काणी रोगाला काणीच ठेवतो.

बेणेमळा: ठेव बाबा. तिथं 'कवकजन्य' काही लिहिलंस तर मामा लेख पुढं वाचणार नाहीत.